पाण्याला पैसे पडतील म्हणून

दिल्लीला बहिणीच्या घरात पाऊल टाकल्यावर आई काय काय करणार, हे आम्हाला जवळजवळ पाठ होते. ती आधी देव कुठे आहेत ते विचारणार, हात जोडणार, मग ज्याची मुंज होती त्या नातवाच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटे मोडणार. त्या दिवशी यातले काहीच झाले नाही. चप्पल काढून ती सरळ स्वयंपाकघरात गेली, ओट्यावरचा स्टीलचा पेला तिने उचलला, फिल्टरच्या तोटीखाली धरला आणि उभ्याउभ्याच घटाघटा पाणी प्यायली. एक पेला, मग दुसरा, मग आणखी अर्धा. पाणी बसून प्यावे, असे आयुष्यभर आम्हाला बजावत आलेली ही बाई हनुवटीवरून ओघळलेले पाणी पदराने टिपत ओट्याला टेकून उभी राहिली, तेव्हा बहिणीने तिला विचारले की विमानात पाणी मिळाले नाही का. आई म्हणाली, "उदकाक पयशे पडटले म्हूण हांवें मागलें ना." दूध संपले आहे किंवा पाऊस थांबला आहे असे सांगावे, तितक्या साध्या सुरात तिने ते सांगितले. बहीण हसली, भावोजी हसले, मीही हसलो आणि 'अगे, पाणी फुकट असते' असे म्हणून सामान आत नेऊ लागलो.

त्या रात्री मात्र मला बराच वेळ झोप आली नाही.

गोव्याहून दिल्लीपर्यंतचे विमान अडीच तासांचे असते. त्याआधी मोपाच्या विमानतळावर दोन तास, त्याआधी डिचोलीच्या आमच्या घरापासून तिथपर्यंतचा रस्ता आणि दिल्लीत उतरल्यावर मे महिन्याच्या उन्हातून बहिणीच्या घरापर्यंतची टॅक्सी. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आई सकाळच्या चहानंतर सहासात तास तहानलेली होती आणि त्यांतले अडीच तास मी तिच्यापासून चौदा रांगांच्या अंतरावर होतो. हे अंतर कसे पडले, ते मला सांगितले पाहिजे, कारण ते माझ्या हातून पडले.

आदल्या संध्याकाळी मी मोबाइलवर वेब चेक-इन करायला बसलो होतो. पडद्यावर विमानाचा नकाशा उमटला. पुढच्या रांगा एका रंगात, आणीबाणीच्या दाराजवळच्या ऐसपैस सीटा दुसऱ्या रंगात, खिडकीच्या आणि वाटेच्या कडेच्या तिसऱ्या. प्रत्येक चौकोनावर बोट ठेवले की तिथली किंमत वर यायची. आम्हा दोघांना एकमेकांशेजारी बसायचे असेल, तर सर्वांत स्वस्तात सातशे रुपये पडत होते. मी चौतीस वर्षे हिशेब तपासनिसाची नोकरी केलेली आहे. तिकिटावर 'सुविधा शुल्क' नावाची रक्कम आधीच भरून झालेली होती, म्हणजे पैसे भरण्याच्या सुविधेसाठी मी पैसे भरलेले होते, आणि माझ्यासारख्या माणसाच्या डोक्यात असली रक्कम खड्यासारखी टोचत राहते. मी मनाशी म्हणालो की यंत्राने वेगवेगळ्या सीटा दिल्या, तरी सकाळी काउंटरवर विनंती करता येईल. समोर म्हातारी बाई पाहिल्यावर कोण नाही म्हणेल? मी 'पुढे जा' असे लिहिलेले बटण दाबले. मला ९ई मिळाली आणि आईला २३बी. दोन्ही मधल्या सीटा होत्या, म्हणजे पैसे देऊन कोणी घेत नाही त्या. ते पाहूनही मी मोबाइल बाजूला ठेवला आणि जेवायला बसलो. सातशे रुपये वाचल्याचे जे छोटेसे समाधान होते ते मला अजून आठवते, आणि ते आठवले की जेवणातल्या त्या वालीच्या भाजीची चवही आठवते.

मोपाच्या सड्यावर पहाटे गेले की अजूनही नवल वाटते. जिथे उन्हाळ्यात पिवळे पडलेले गवत आणि काजूची झाडे यांखेरीज फारसे काही नव्हते, तिथे २०२३च्या जानेवारीपासून विमाने उतरत आहेत. ज्यांच्या जमिनी तिथे गेल्या, त्यांतल्या काही घरांतल्या मुली आता काउंटरमागे गळ्याशी रुमाल बांधून उभ्या असतात. आमच्या समोरची मुलगी तिथल्याच पेडणे भागातली असावी, कारण तिने आईकडे पाहताच इंग्रजी सोडून दिले आणि तिला 'आजी' म्हणाली. दोघांचे मिळून तीस किलो चालत होते. आमचे वजन चौतीस भरले. वरच्या प्रत्येक किलोमागे साडेपाचशेच्या आसपास पडतील, असे मुलीने हळू आवाजात, जणू स्वतःच कसल्या अपराधात सापडल्यासारखे सांगितले. मग आम्ही रांगेतून बाजूला झालो आणि त्या चकचकीत फरशीवर आईची बॅग उघडली. माणसाची बॅग चारचौघांत उघडणे ही फार उघडी गोष्ट असते. वर तिचे इस्त्री केलेले सुती पातळ होते, त्याखाली औषधांची पिशवी, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेले मानकुराद आंबे, कोकमाच्या सोलांची पुडी, नातवासाठी जत्रेतले खाजे आणि तळाशी आमच्या कुळागरातले, म्हणजे घरच्या नारळी-पोफळीच्या बागेतले, पाच सोललेले नारळ. मानकुरादांचा वास त्या थंड हवेत एकदम पसरला आणि शेजारच्या रांगेतल्या दोघांनी मान वळवली. मुलगी म्हणाली, "आजी, नाल्ल दिल्लींत मेळटात." आई म्हणाली, "मेळटात, पूण आमचे न्हय." शेवटी नारळच निघाले. ते तिने फरशी पुसणाऱ्या बाईच्या हातात दिले, आणि त्या बाईने ते घ्यावे की नाही हे ठरवायला एकदा सभोवार पाहिले, मग आपल्या ढकलगाडीच्या खालच्या कप्प्यात ठेवले. एवढे सगळे होईपर्यंत आमच्यामागची रांग वाढली होती. मी सीटांबद्दल विचारले तेव्हा मुलीने कळफलकावर बराच वेळ बोटे चालवली आणि म्हणाली की विमान भरलेले आहे, एकत्र काहीच उरलेले नाही. आत गेल्यावर कोणाला तरी विचारून पाहा.

आत गेल्यावर मी विचारले. आईच्या शेजारी, वाटेच्या कडेला, पंचविशीतला एक मुलगा बसला होता, चेहऱ्यावरून सालस. मी त्याला म्हणालो की ही माझी आई आहे, तू माझ्या जागी पुढे नवव्या रांगेत बसशील का? त्याने कानातले काढले, माझे बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि अतिशय नम्रपणे म्हणाला, "काका, मी या सीटचे पैसे भरलेत. तुमची मधली आहे ना?" त्यात उर्मटपणा नव्हता आणि तो खोटेही बोलत नव्हता. त्याने पाय मोकळे ठेवता यावेत म्हणून तीनचारशे रुपये मोजले होते, आणि मी त्याच्याकडून ते फुकट मागत होतो. माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण आदल्या रात्री मी त्याच दुकानात उभा राहून तोच माल महाग म्हणून परत ठेवला होता.

आमच्याकडच्या बसमध्ये हे वाक्य कोणाला उच्चारताच येणार नाही. साखळीहून पणजीला जाणाऱ्या खच्चून भरलेल्या बसमध्ये कंडक्टर 'फुडें वच, फुडें वच' करत माणसे आत कोंबत असतो, पायांत मासळीची पाटी अडकते, कोणाची तरी छत्री बरगडीत घुसते. पण म्हातारे माणूस चढले की कोणीतरी उठतो, आणि जो उठत नाही त्याला उरलेली बस नजरेने उठवते. तिकीट सगळ्यांचे सारखे असते, त्यामुळे उठण्याची किंमत पायांच्या दुखण्याएवढीच असते. विमानात त्या मुलाने जागा दिली असती, तर त्याला पायांच्या दुखण्याशिवाय रोख नुकसान झाले असते. चांगुलपणावर अशी रक्कम छापलेली असली, की चांगली माणसेही हिशेब करू लागतात. मीही तेच केले होते.

पुढचे मी पाहिलेले नाही, मागाहून आईकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकले. खिडकीपाशी बसलेल्या बाईने डोळ्यांवर पट्टी ओढली आणि ती झोपून गेली. ढकलगाडी आली तेव्हा त्या मुलाने कपातला उपमा घेतला. हवाई सुंदरीने त्यात कढत पाणी ओतून झाकण लावून दिले आणि हातातले छोटे यंत्र पुढे केले, त्यावर त्याने कार्ड टेकवले, यंत्रातून कागदाची चिठ्ठी निघाली. पुढच्या रांगेत कोणी काजू घेतले, पुन्हा यंत्र, पुन्हा चिठ्ठी. आईने हे सगळे नीट पाहिले. तिच्या कनवटीला रुमालात बांधलेली पाचशेची एक नोट होती, पण कार्ड नव्हते. पाणी किती रुपयांना असेल, सुटे मिळतील की नाही, भाव ऐकून नको म्हणावे लागले तर शेजारच्या मुलाला काय वाटेल, असे सगळे तिच्या मनात येऊन गेले असणार. सुंदरीने तिच्याकडे पाहून मान थोडी कलती केली, आणि आईने हसून हाताने 'नको' अशी खूण केली. गाडी पुढे गेली. डोक्यावर बोलावण्याचे बटण होते, पण ते दिव्याचे असावे असे तिला वाटले. उपम्याच्या कढीपत्त्याचा वास मात्र बराच वेळ येत राहिला, असे तिने सांगितले.

मी त्या वेळी नवव्या रांगेत झोपलेलो होतो. हे लिहिणे मला आवडत नाही.

आमच्या घरात पाण्याची गोष्ट काही वेगळीच होती. ओटीवर तांब्यावर पेला पालथा घातलेला नाही, असा दिवस मला आठवत नाही. पोस्टमन आला, वीजमीटर पाहणारा आला, पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत पाव विकणारा पोदेर आला, कुळागरात सुपाऱ्या काढणारा पाडेली आला, की आधी पाणी आणि उन्हाळ्याचे दिवस असले तर सोबत गुळाचा खडा. ज्याच्याशी बोलणे नव्हते, ज्याच्याशी बांधाच्या वादावरून कोर्टात तारखा चालू होत्या, असा एक शेजारी एकदा कागदावर सही घ्यायला आला, तेव्हाही आईने आधी पाणी ठेवले आणि मग सही देणार नाही असे सांगितले. पाणी मागावे लागणे हाच तिच्या मते घरधन्याचा कमीपणा होता. आणि तीच बाई विमानात पाणी मागायला लाजली.

तिची समजूत चुकीची होती, हे खरे आहे. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमान कंपन्यांना कोणकोणत्या सेवांसाठी वेगळे पैसे घेता येतील याची जी यादी दिलेली आहे, तिच्यात आवडीची सीट आहे, सामान आहे, खेळाचे साहित्य आणि वाद्ये आहेत, खाणेपिणे आहे. पण पिण्याचे पाणी त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. मागितले असते तर तिला कागदी पेल्यातून पाणी मिळाले असते आणि कोणी यंत्र पुढे केले नसते. पण ज्या ठिकाणी बसण्याचे, बॅगेचे, पाय पसरण्याचे, आपल्या माणसाजवळ असण्याचे पैसे पडतात, तिथे फुकट काय आहे ते माणसाने कशावरून ओळखावे? सहा गोष्टींवर भाव लिहिलेला पाहिला की सातवीवरही तो असणार, असे माणूस धरून चालतो. आई शाळा चौथीपर्यंत शिकलेली असली, तरी तिचे अनुमान तर्काला धरून होते.

मी हिशेबाचा माणूस असल्यामुळे मला दुसरी बाजूही दिसते, आणि ती खोटी नाही. २००३ साली कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन ही स्वस्त विमान कंपनी सुरू केली आणि पुढे एक रुपयाच्या तिकिटांची जाहिरात झाली, तोपर्यंत विमान ही आमच्यासारख्यांच्या डोक्यावरून जाणारी वस्तू होती, अक्षरशः. गोव्याच्या जुन्या, दाबोळीच्या विमानतळावर उतरणारे विमान आम्ही शाळेच्या सहलीत चिखलीच्या बाजूने पाहिले होते. त्यात गोळ्यांचे तबक फिरते आणि कानांत घालायला कापूस देतात, असे ज्याचा मामा आखातात होता त्या मुलाने सांगितले होते. त्या तबकातल्या गोळीची किंमत तिकिटात धरलेली होती आणि म्हणूनच ते तिकीट आमच्या वडिलांना कधी काढता आले नाही. मी पहिल्यांदा विमानात बसलो ते २००७ मध्ये, आणि ते गोळी नसलेले, जेवण नसलेले, स्वस्त विमान होते. खर्चातला चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग एकट्या इंधनाचा असतो. वजन वाढले की इंधन जळते, तेव्हा ज्याच्याकडे नुसती खांद्याची पिशवी आहे त्याने माझ्या आंब्यांचे भाडे का भरावे, हा प्रश्न योग्यच आहे. अमेरिकेत २००८ साली तेल भडकले, तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने पहिल्याच बॅगेला पंधरा डॉलर लावले. बाकीच्या मोठ्या कंपन्याही त्या वाटेने गेल्या. बॅगेचे पैसे मला समजतात. नारळांचा राग मी केव्हाच सोडला आहे.

पण दोन माणसे शेजारी बसली म्हणून कोणते इंधन जास्त जळते?

रात्री बहिणीच्या घरी कूलरच्या घरघरीत पडल्या पडल्या मी हाच आकडा जुळवत होतो. आई २३बीमध्ये बसली काय आणि ९डीमध्ये बसली काय, विमानाचे वजन तेच, खुर्च्या त्याच, मनुष्यबळ तेच. इथे मला काही जास्तीचे दिले जात नव्हते. आधी आम्हाला वेगळे करायचे आणि मग वेगळे न करण्याचे पैसे मागायचे, असा तो व्यवहार होता. लेखापरीक्षणात मी अशी नोंद पाहिली असती, तर तिच्यापुढे लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले असते. सरकारलाही हे दिसलेले नाही असे नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये महासंचालनालयाने सांगितले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारची सीट द्यावी. चांगला नियम आहे. त्यात आई मुलाची सोबत करते, एवढेच धरलेले आहे. मुलगा आईची सोबत करत असेल, तर तो विषय तिथे नाही. त्याआधी २०२२ मध्ये काउंटरवर बोर्डिंग पास छापून देण्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत असे कंपन्यांना सांगावे लागले होते, म्हणजे तोवर तेही घेणारे होते. आणि २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत लाज आणून माल गळ्यात मारण्याचे उदाहरण म्हणून विमान तिकिटाचेच एक वाक्य दिलेले आहे: विमा घ्यायचा नसेल, तर 'मी असुरक्षित राहीन' या अर्थाच्या शब्दांवर बोट ठेवा. ते वाचून मला हसू आले होते, कारण असल्या बटणावर मी पूर्वी मान खाली घालून बोट ठेवलेले आहे. आयर्लंडच्या रायनएअर या स्वस्त विमान कंपनीच्या प्रमुखांनी २००९ साली विमानातल्या स्वच्छतागृहाला नाणे टाकायचे कुलूप बसवण्याची कल्पना बोलून दाखवली होती. ती काही प्रत्यक्षात आली नाही, पण आईला हे कोणी सांगितले असते, तर तिने तिकडेही फिरकायचे टाळले असते, याबद्दल मला शंका नाही.

जुना काळ बरा होता, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी सातआठ वर्षांचा असताना आई मला आणि बहिणीला घेऊन पणजीच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गिरगावात मामाकडे जात असे. सकाळी बोट सुटायची आणि दुसऱ्या दिवशी भाऊच्या धक्क्याला लागायची. वर केबिनवाले असत, त्यांच्याकडे आम्ही मान वर करून पाहत असू. आमचे तिकीट खालच्या डेकचे. तिथे जो आधी चादर पसरील त्याची जागा, आणि ज्याला उशीर होई त्याला संडासाजवळ पसरावी लागे. इंजिनाची धग, डिझेलचा आणि ओकारीचा वास, कोंबड्यांची डालगी, रात्री कोणाचे तरी भजन. सुख म्हणावे असे त्यात फारसे नव्हते. आई धावत जिना उतरून आमची जाजम अशी पसरत असे, की दोन मुले आणि तीन बोचकी त्यावर मावावीत आणि वर वाऱ्याची झुळूक यावी. तिथेही जागेचे मोल होतेच, ते तिने पायांनी मोजले. एकदा चादर पसरली मात्र, की पुढचा दिवसभर कोणी काही विकायला आले तर ते चहावालेच असत. ही तुझी मुले तुझ्याजवळ झोपण्याचे किती, असे विचारायला कोणी येत नसे. रात्री मी झोपेत कुशीवर वळलो, तर माझा पाय शेजारच्या बिऱ्हाडाच्या चादरीवर जाई, आणि सकाळी त्यांच्या डब्यातली पोळी माझ्या हातात असे.

आईच्या लेखी प्रवास म्हणजे ती चादर होती. चादरीच्या आत सगळे आपले. २३बीवर बसल्यावर तिने पहिल्यांदा हातांनी दोन्ही बाजूंचे दांडे चाचपून पाहिले, आपली हद्द कुठून कुठवर ते समजावे म्हणून. आणि मग, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, 'अंग चोरून' बसली. दोन रांगांमध्ये अठ्ठावीस ते तीस इंच अंतर असते. तिला ते पुरेसे होते. उंचीने ती लहान आहे.

परतीच्या वेळी मी सीटा विकत घेतल्या. खिडकीची तिच्यासाठी, मधली माझ्यासाठी, दोन्ही मिळून आठशे वीस रुपये. हा खर्च मी तिला सांगितला नाही. खिडकीपाशी बसल्यावर तिने विचारले, "जनेल कशें मेळ्ळें?" मी म्हणालो, मिळाले. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले, कारण मी काही लपवत असलो की माझा उजवा हात कानाकडे जातो, हे तिला पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. विमान वर गेल्यावर दिल्लीच्या धुरकट वस्त्या खाली गेल्या आणि पांढऱ्या ढगांखेरीज काही उरले नाही. त्या आठशे वीस रुपयांच्या खिडकीतून तिने पाच मिनिटे बाहेर पाहिले, मग डोळ्यांवर ऊन येते म्हणून झाकण खाली ओढून घेतले.

ढकलगाडी आमच्या रांगेशी आली. मी आईसाठी पाणी मागणारच होतो, तेवढ्यात तिने माझ्या मांडीवर हात ठेवून मला थांबवले. पुढे वाकून, दूरदर्शनच्या मालिकांतून शिकलेल्या हिंदीत ती म्हणाली, "बेटा, पानी." मुलीने बाटलीतून कागदी पेल्यात पाणी ओतले आणि पुढे केले. आईने पेला घेतला, पण ओठांना लावला नाही. तो हातात तसाच धरून तिने विचारले, "कितना?" मुलीला विमानाच्या आवाजात ऐकू आले नाही, म्हणून तिने कान जवळ आणला. आईने पुन्हा विचारले, या वेळी जरा मोठ्याने, आणि पलीकडच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिले. माझे कान तापले. मुलगी हसून म्हणाली, "पानी का कुछ नहीं, आंटी." आईने मान हलवली, माझ्याकडे पाहिले नाही, आणि सावकाश, घोटघोट करत ते पाणी प्यायली. मग रिकामा पेला तिने पुन्हा पुढे केला.

कचरा गोळा करायला पिशवी घेऊन ती मुलगी पुन्हा आली, तेव्हा मी माझ्याकडची चिठ्ठी आणि चॉकलेटचा कागद तिच्या पिशवीत टाकला. आईचा पेला मला दिसला नाही. मोपाला उतरून, टॅक्सीने डिचोलीला येऊन, ओटीवर बॅग टेकवली तेव्हा तो तिच्या कापडी पिशवीतून निघाला, रुमालात गुंडाळलेला, काठाशी किंचित चुरगळलेला. आता तो दाराजवळच्या खिडकीत असतो आणि त्यात ती पोदेराला द्यायचे सुटे पैसे ठेवते.